मागल्या दारचा गडी आन चंद्रीची हाक

आमच्या मालकांचा आवाज केवढा हुता म्हनून सांगू. त्यांनी कट्ट्यावर शिंक दिली तर हितं गोठ्यात मला कळायचं, आज च्यात आलं जादा टाकायला पायजे. पिराजी गवळी म्हनलं की पेठेतल्या मानसाला आधी आवाज आठवायचा, मंग मिशा, आन शेवटाला मानूस. मी त्यांची बायको, शालू. लगीन झालं तवा मला वाटायचं हा मानूस सारखा भांडतोयच माझ्यासंगं. लई दिसांनी उमगलं, ते गोड बोलत हुतं.

गोठ्यात म्हसरं बरीच, पर मालकांचा जीव एकीवरच, चंद्रीवर. कपाळाला पांढरा चांद हाय म्हनून चंद्री. लई गर्वाची म्हस. दुसऱ्या कुनी कासंला हात लावला की लाथ, आन मालकांनी नुसती हाक मारली की पान्हा. सकाळी तिला गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायची, गिऱ्हाईक म्होरं उभं असतंय, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आन फेसासकट गिलास त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. घरी धार काढताना मालक हाळी द्यायचं, "हुर्रर्र चंद्रे, ये, ये, ये माझे बाय," आन त्याच दमात, "शाले, चरवी आन गं." चरवी म्हंजे धार काढायचं पितळी भांडं. ते आधीच घिऊन बसावं का न्हाय मानसानं? पर न्हाय. रोज म्हशीला हाक, आन तिच्या शेपटाला बांधून माझी हाक. नावानं. मी रोज म्हनायची, "आनते की, गाव कशाला गोळा करताय?"

आमच्या भिंतीला भिंत लावून लालासाबभाईंचं घर. म्हसरांच्या गळ्यातलं घुंगरांचं पट्टं तेच करतात. त्यांची पोरगी नाजिया घरात बसून पुन्याच्या कंपनीचं कंपूटरचं काम करती. पोरगी गुनाची, पर सकाळी उठायच्या नावानं बोंब. ती गिलास घिऊन कट्ट्यावर जाईस्तवर चंद्री आटपून घरी आलेली असायची. एक दिवस वैतागून म्हनली, "काका, मी तुमचं एक पान करते, फोनमध्ये उघडायचं. तुम्ही कट्ट्यावर पोचला की बटन दाबा, सगळ्या गिऱ्हाइकांस्नी निरोप जाईल."

केलं की तिनं. वर चंद्रीचा फोटो, खाली एक गोल बटन, त्यावर लिवलेलं 'हाक'. मालकांनी दाबलं की सगळ्यांस्नी निरोप, आन गिऱ्हाइकानं दाबलं की मालकांचा आवाज. तो तिनं आमच्या गोठ्यातच भरून घेतला हुता, आन शेवटचं "शाले, चरवी आन गं" बी तसंच ठेवलेलं. मी म्हनलं, ते तेवढं काप. म्हनली, "काकू, तेच तर भारी हाय." मंग काय, मंडईत गेलं की भेंड्याच्या ढिगामागनं आवाज यायचा, शाले, चरवी आन गं. रिक्षावाली पोरं, पिठाची गिरनी, सगळीकडं माझ्या नावाचा बाजार. मी चिडायची. चिडायची म्हंजे, चिडल्यागत करायची.

खरी गंमत फुडंच झाली. गल्लीच्या टोकाला राजवीर म्हनून पोरगा हाय, नवंनवं लगीन. पहाटं त्याचा फोन उशाशी वाजला. बायकोनं, क्रांतीनं, बघितलं तर लिवलेलं, 'चंद्री आली. लवकर या.' झालं. क्रांतीनं बॅग भरली आन गडहिंग्लजची यष्टी धरायला स्टँड गाठलं. राजवीर आमच्या दारात रडकुंडीला. "मावशी, देवाशपथ, म्या रात्री ते पान उघडलंच नव्हतं. सगळं मिटून झोपलोतो. मिटलेल्या पानातनं निरोप आला कसा?"

मालकांनी काही बोलायच्या आधी चंद्रीचं दावं सोडलं. म्हस घिऊन थेट स्टँडावर. यष्टीच्या खिडकीखाली तिला उभी केली आन सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं म्हनलं, "पोरी, ही बघ चंद्री. हिच्यापायी माहेरी निघालीस व्हय?" कंडाक्टरनं कपाळाला हात लावला. क्रांती खाली उतरली ती हसत, आन येताना चंद्रीला फलाटावरचं केळं बी चारून आली.

त्या दिशी मी नाजियाला धरलं. म्हनलं, "खरं सांग, मिटलेलं पान बोलतंय कसं?"

ती आमच्या उंबऱ्यावर बसली. "काकू, पान पयल्यांदा उघडलं की त्याच्याबरोबर एक गडी तुमच्या फोनात कामाला लागतो. सर्व्हिस वर्कर म्हनतात त्याला. तुम्ही पान मिटलं तरी तो मागल्या दाराला असतो. निरोप आला की त्याला जाग येती, घंटी वाजवतो आन परत झोपतो."

"सारखा जागा नसतो?"

"न्हाय. काम असलं की उठायचं, संपलं की आडवं व्हायचं."

"म्हंजे आमच्या दिरासारखाच की," मी म्हनलं, आन मालक असं हसलं की दावनीची रेडकं उभी ऱ्हायली.

नाजिया म्हनली, "तसला न्हाय हो. पानाला काय बी लागलं, फोटो म्हना, आवाज म्हना, ते आधी त्याच्याकडं मागितलं जातं. एकदा आनलेलं तो फडताळात साठवून ठेवतो. परत मागितलं की नेटच्या नादाला लागत न्हाय, फडताळातनं काढून देतो. म्हनून तुमच्या गोठ्यात रेंज नसली तरी पान उघडतंय."

ही गोष्ट खरी हुती. आमच्या पत्र्याखाली फोन म्हंजे नुसता आरसा, पर चंद्रीचं पान झटक्यात उघडायचं.

"आन दिसतो कसा?" मी इचारलं.

"दिसत न्हाय. तो पानावर कधीच येत न्हाय. मागनं काय ते देतो, बास."

"एवढं राबतोय आन तोंड बी दाखवत न्हाय? शाले, त्या गड्याला बी च्या टाक," मालक म्हनलं. तवापासनं आमच्या घरात त्याला नावच पडलं, मागल्या दारचा गडी.

मंग मालकांचा घसा बसला. आम्ही हळद-दूध केलं, काढा केला, गुळन्या केल्या. घसा काय उठंना. मोठ्या डॉक्टरनी बघून सांगितलं, आत गाठ हाय, काढायला पायजे, आन गाठीबरोबर आवाज जानार. मालक आपरेशनला जाताना काय बोललं ठावं हाय का? माझ्याशी न्हाय. चंद्रीशी बोललं. मी तवा लई रागावले, आन त्याच रागावर रडायचं पुढं ढकललं.

मानूस वाचला. गळ्यातनं नुसती हवा यायची, फुंकर मारल्यागत. कान लावला तर शब्द कळायचा, पर म्हशीला कोन कान लावायला सांगनार? मालक गोठ्यात जाऊन चंद्रीम्होरं उभं ऱ्हायचं, हात हालवायचं, फूफू करायचं. चंद्री त्यांच्या खांद्यावरनं पलीकडं बघायची, आवाजवाला पिराजी कवा येतोय म्हनून. पान्हा सोडंना. माझ्या हाताला कशीबशी वाटीभर धार द्यायची, ती बी उपकार केल्यागत.

तरी मालक तिला कट्ट्यावर घिऊन गेलं. मी चरवी घिऊन मागं. तितं समोरच्या टपरीवर कुन्या पावण्यानं सहज म्हनून फोनवर ते बटन दाबलं. "हुर्रर्र चंद्रे." चंद्रीनं कान टवकारलं, मालकांच्या हातातनं दावं हिसडलं आन रस्ता वलांडून टपरीकडं गेली. पावनं घाबरून बाकावर चढलं. सगळी हसली. मालक रिकामा हात तसाच धरून उभं हुतं. स्वतःच्याच आवाजानं त्यांची म्हस पळवली हुती. मला त्या पावण्याच्या कानाखाली जाळ काढावा वाटला, पर त्याची तरी काय चूक?

घरी आल्या आल्या मालकांनी पाटी घेतली. आपरेशनपासनं बोलायला ती पाटीच. लिवलं, 'ते पूस.' आन नाजियाच्या घरी जाऊन तिच्या डोक्यावर उभं ऱ्हायलं. पोरीनं हात जोडलं, नको म्हनली. मालक हालंनात. तिनं पानावरनं बटन काढलं, आवाज काढला, सोताच्या कंपूटरमधनं बी पुसला. मालकांनी बोट दाखवून तिथली कचऱ्याची टोपली बी रिकामी करायला लावली. हट्टाला पेटलं की ते असंच. दुसरीकडं कुठं आवाज हुता म्हनाल, तर न्हाय. पाडव्याच्या म्हसरांच्या खेळाची शूटिंगं हुती, पर त्यात फटफट्या आन पुंग्याच ऐकू यायच्या.

परत पाटी. आता लिवलं, 'पाडव्याला चंद्री आली न्हाय तर विश्वजितला दिली. कट्टा बंद.' विश्वजित म्हंजे जयसिंगपूरचा म्हसरांचा व्यापारी, चंद्रीवर कवाचा डोळा ठेवून हुता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हसरं नटवतात. शिंगांना रंग, मोरपिसं, पायात कवड्या, पाठीवर नाव कातरायचं. गवळी फटफटीवर म्होरं आन म्हस त्याच्यामागं पळत. शेवटाला सगळ्या गाड्या बंद करायच्या, गवळ्यानं मैदानाच्या एका टोकाला उभं ऱ्हाऊन हाक मारायची, आन गर्दीतनं म्हस त्याच्याकडं यायला पायजे. आली की मागल्या दोन पायांवर उभी ऱ्हाती. चंद्री दरसाल यायची. ह्या खेपंला हाक मारायला मालकांकडं काही नव्हतं, आन हे मालकांना, मला आन विश्वजितला, तिघांस्नी बी ठावं हुतं. मालक ते मुद्दाम करत हुतं. चारचौघांत एकदा पडायचं आन मंग घरात बसायचं, असलं त्यांचं गनित.

आवाज पुसला त्याच दिशी सांजचं भाकरी थापताना मी फोन घेतला. म्हनलं, रिकामं पान तरी बघू. उघडलं, तर बटन हुतं. जिथल्या तिथं. मी पीठाच्या बोटानं दाबलं. "हुर्रर्र चंद्रे, ये, ये, ये माझे बाय. शाले, चरवी आन गं." भाकरी तव्यावर करपली. एवढं माझं नाव मी कवा कान देऊन ऐकलं नव्हतं. मी पदर तोंडात धरून रडले, आन रडता रडता दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिशी च्या घिऊन नाजियाकडं गेले. एकदम साळसूद. "नाजिया, समजा एकाद्याच्या फोनात जुनंच पान ऱ्हायलं तर गं?"

नाजियानं जीभ चावली. "ऱ्हाईल की. विसरलेच मी. काकू, पान बदललं की नवा गडी येतो, पर लगेच कामाला लागत न्हाय. दारात थांबतो. जुन्या गड्याच्या हाताखालची सगळी पानं मिटली, की मंगच तो आत येतो."

"का? जुना काय जावई हाय?"

"एका म्हशीला दोघं एकदम धार काढायला बसले तर? निम्मं पान जुनं, निम्मं नवं, सगळा गोंधळ. म्हनून थांबवतात. थांबू नको, असं त्याला सांगता येतं, तेवढं लिवायचं ऱ्हायलं माझ्याकडनं. पर काळजी नको, लोक कवा ना कवा पान मिटतात. फोन बंद करून चालू केला तरी झालं. आन नवा आत आला की पयलं काम म्हंजे जुन्याचं फडताळ रिकामं करनं." मंग माझ्याकडं बघून म्हनली, "तुमचं मिटलंय न्हवं?"

"मिटलं की," मी म्हनलं, आन च्याचा कप घिऊन उठले.

पाडव्यापतोर त्या फोनला मी बाळंतिनीगत जपला. बंद पडू द्यायचा न्हाय, पान मिटू द्यायचं न्हाय. चुलीपाशी बी चार्जर, देवापाशी बी चार्जर. माझ्या ननंदबाई, आक्का, दिवाळीला आल्या. त्यांना सगळ्या गोष्टी साफ करायची खोड. "वैनी, फोन किती तापलाय, सगळं मिटून टाकते," म्हनून बोट उचललं. मी असा काय हात धरला की त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या. दिवाळीत बांगडी फुटली म्हनून त्या फुगून बसल्या, बसू देत. आता कोन म्हनंल, दुसऱ्या फोनवर आवाज भरून घ्यायचा की. घ्यायचा हुता. न्हाय सुचलं. आन सुचलं असतं तरी हात लावायचं धाडस झालं नसतं.

पाडवा आला. विश्वजित टेंपो घिऊनच आलता, नवं दावं हातात. लालासाबभाईंनी चंद्रीसाठी नवा पट्टा केलता, घुंगरं अशी की लांबनं कळावं. फटफट्यांचा धुरळा झाला, म्हसरं पळाली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मंग गाड्या बंद झाल्या. एकेक गवळी हाक मारायचा, एकेक म्हस यायची. मालकांची पाळी आली.

मालक टोकाला उभं. चंद्री पार पलीकडं. मालकांनी हात वर केला, गळ्याच्या शिरा तानल्या, आन फुंकर सुटली. चंद्री रवंथ करत हुती. परत फुंकर. गर्दी एकदम गप झाली. आमच्या गर्दीनं शिव्या दिल्या तरी चालतंय, पर कीव केलेली बघवत न्हाय. विश्वजित दावं घिऊन चंद्रीकडं चालायला लागला, हळूहळू, तोंड पाडून. तो बी मानूसच की.

मी मालकांच्या मागंच उभी हुते, चरवी घिऊन. गवळ्याच्या मागं त्याची बायको चरवी घिऊन उभी असली तर कोन बघतंय? चरवीत फोन टाकला हुता. रेंजचा पत्ता नव्हता, सगळी मैदानभर शूटिंग करत हुती. पर माझ्या गड्याला रेंज लागत न्हाय. मी उघडंच ठेवलेलं पान म्होरं आनलं, आवाज पार वर नेला, चरवीचं तोंड चंद्रीच्या दिशेला केलं, 'बाबा, आज उठ,' म्हनलं आन दाबलं.

"हुर्रर्र चंद्रे, ये, ये, ये माझे बाय."

पितळंतनं आवाज मैदानभर घुमला. मालकांनी तोंड उघडलं ते दचकून, पर समोरच्यांना वाटलं त्यांनीच हाक मारली. चंद्रीनं मान वर केली. विश्वजितला तिनं असं बाजूला सारलं की तो दाव्यासकट खाली बसला. घुंगरं वाजवत, गर्दी फाडत आली, मालकांच्या म्होरं दोन पायांवर उभी ऱ्हायली, आन खाली आली ती त्यांच्या छातीवर तोंड टेकूनच. मालकांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. पिराजीला आवाज आला, आवाज आला, म्हनून एकच गिल्ला झाला.

मी फोन बंद करायला चरवीत हात घालत हुते. बांगड्या अडकल्या.

"शाले, चरवी आन गं."

मालकांचं तोंड मिटलेलं, म्हशीच्या मानंवर. आन आवाज माझ्या चरवीतनं. सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं. मालक सावकाश वळलं. मला काय सुचतंय? इतक्या वर्षांची जीभ, ती सुटलीच.

"आनली की," मी म्हनलं, "गाव कशाला गोळा करताय?"

मंग जे हसनं उठलं म्हनता. मालकांचं खांदं गदगदा हालत हुतं, आवाज न्हाय काय न्हाय, डोळ्यातनं पानी. हसतात का रडतात कळंना, म्हनून मी बी दोन्ही करून घेतलं. विश्वजित पँट झाडत आला, दावं माझ्या हातात दिलं आन म्हनला, "मावशी, ही म्हस न्यायची म्हंजे तुमालाबी न्यावं लागंल. माझ्याच्यानं झेपायचं न्हाय." आन टेंपो रिकामा घिऊन गेला.

नाजिया गर्दीतनं पळत आली. "मिटलं म्हनला हुता न्हवं, काकू?"

"म्हनलं हुतं," मी म्हनलं.

घरी आलो तवा फोन शेवटच्या धापा टाकत हुता, बॅटरी लाल. मला वाटलं, आता मालक पाटी घेनार आन परत 'पूस' लिवनार. त्यांनी पाटीकडं बघितलं बी न्हाय. देवापाशी गेलं, चार्जर सोडवून आनला, आन सोताच्या हातानं फोन लावला. मंग माझ्या कानाशी येऊन फुंकरलं, "गड्याला च्या टाक."

नाजियानं त्याच सांजचं तो आवाज बाहेर काढून चार ठिकानी ठेवला आन नव्या पानात परत बटन घातलं. मंगच मी जुनं पान मिटलं, ते बी देवाचं नाव घिऊन. नवा गडी आत आला. पयल्यांदा मी त्याचं फडताळ तपासलं.

पुढं मालक धारंला बसलं की मी फोन लावायची आन ते संगतीनं फुंकर घालायचं. चंद्रीला हळूहळू कळलं की ही फुंकर बी त्याच मानसाची. आता नुसत्या फुंकरीवर पान्हा सोडती, कट्टा चालू झालाय. म्हशीपुरता फोन लागत न्हाय.

तरी मालक रोज चरवी न घेताच धारंला बसतात. फुंकर माझ्यापतोर पोचत न्हाय, आन पोचली तरी मी ऐकत न्हाय. मंग ते उठतात, चुलीपाशी येतात, माझा फोन उचलतात आन माझ्या डोळ्यांत बघत बटन दाबतात. चंद्रीची हाक संपेस्तवर मी भाकरी थापत बसते, माझं नाव यायची वाट बघत, आन ते आलं की चरवी घिऊन उठते.